एन्व्हसब्स्ट : तीन वर्षांच्या वापरानंतर

छापील अर्जात नावासाठी टिंबं सोडलेली असतात ना, तशा आमच्या एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंग्जच्या फायलीत) दोनच जागा मोकळ्या आहेत: एपीआयचा, म्हणजे मागच्या सेवेचा, होस्ट आणि पोर्ट. टेस्टिंग, यूएटी (वापरणाऱ्यांकडून होणारी चाचणी), प्रॉडक्शन यांच्या तीन वेगळ्या फायली ठेवल्या, की एकीत केलेली दुरुस्ती दुसरीत राहून जाते. म्हणून आम्ही एकच टेम्प्लेट ठेवतो आणि रिलीजच्या वेळी त्या जागा एन्व्हसब्स्टने भरतो. जीएनयू गेटटेक्स्टमधला हा चिमुकला प्रोग्रॅम. उबुंटूवर गेटटेक्स्ट-बेस टाकलं की मिळतो. डॉलर लावलेलं नाव दिसलं की तिथे एन्व्हायर्नमेंटमधली (सिस्टिममध्ये त्या नावाने ठेवलेली) व्हॅल्यू घालायची, एवढंच त्याचं काम. शिकायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

पण व्हॅल्यू सापडली नाही तर तो थांबत नाही. गुपचूप रिकामी जागा सोडतो. हे मी एका रात्रीच्या रिलीजमध्ये शिकले. टेम्प्लेटमध्ये ट्राय-फाइल्सची, म्हणजे कोणती फाइल कोणत्या क्रमाने शोधायची ते सांगणारी, ओळ होती: आधी $युआरआय, मग $युआरआय/, शेवटी इंडेक्स पान. युआरआय हे एन्जिनएक्सचं स्वतःचं व्हेरिएबल, पण एन्व्हसब्स्टला ते कसं कळणार? त्याने दोन्ही पुसली आणि मागे नुसती तिरकी रेघ उरली. सिंटॅक्स बरोबर, त्यामुळे एन्जिनएक्सची तपासणी पास. सर्व्हर चालू आहे ना हे बघणारा हेल्थ चेक हिरवा. आणि ब्राउझर जी जावास्क्रिप्ट फाइल मागेल तिच्या जागी इंडेक्सचं एचटीएमएल, तेही २०० म्हणजे 'सगळं ठीक' या स्टेटसने. वापरणाऱ्यांना फक्त पांढरी स्क्रीन. कारण सापडायला मला दीड तास लागला, कारण मी टेम्प्लेटच बघत बसले होते. तयार झालेली फाइल उघडून पाहिलीच नव्हती.

यावरचा उपाय एन्व्हसब्स्टमध्येच आहे. कोणती नावं भरायची याची यादी त्याला देता येते, मग बाकीच्या डॉलरांना तो हात लावत नाही. यादी एकेरी अवतरणात द्या. दुहेरीत दिलीत तर शेलच (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) ती आधी भरून टाकतं. डॉकरची (प्रोग्रॅम तयार पेटीत चालवण्याचं साधन) अधिकृत एन्जिनएक्स इमेज वापरत असाल, तर १.१९ आवृत्तीपासून टेम्प्लेट भरण्याची सोय तिच्यातच आहे, आणि ती फक्त सेट असलेली व्हेरिएबल्सच बदलते.

डीफॉल्ट व्हॅल्यू मात्र एन्व्हसब्स्टला समजत नाही. शेलसारखं कोलन-वजा (:-) लिहिलंत तर मजकूर जसाच्या तसा राहतो. आणि इनपुट-आउटपुटला एकच फाइल कधीही देऊ नका, वाचण्याआधीच ती रिकामी होते.

दोन-चार व्हेरिएबल्ससाठी मी आजही हाच वापरते. अटी, लूप लागत असतील तर जिंजासारखं टेम्प्लेट इंजिन घ्या. आमच्या पाइपलाइनमध्ये (रिलीजच्या आपोआप चालणाऱ्या टप्प्यांत) एन्व्हसब्स्टच्या आधी एक छोटी स्क्रिप्ट धावते: यादीतलं एक जरी नाव रिकामं असेल तर ते छापून रिलीज थांबवते. गेल्या महिन्यात यूएटीवर पोर्टचं नाव चुकीचं टाइप झालं होतं, तेव्हा तिने रिलीज थांबवलं. मला फार बरं वाटलं.