पावडर उत्तम, डबीची जाळी मात्र डोक्याला ताप

मध्यंतरी एकदा लोकलमधून उतरून ऑफिसात बॅग उघडली, तर छत्री, चार्जर, जेवणाचा डबा, सगळ्यांचा फिकट पिवळा मेकअप झालेला. फाउंडेशनवर लावायच्या या लूज, म्हणजे सुट्या पावडरबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. आता लिहितेच.

२० ग्रॅमची डबी, एमआरपी ६९९, सेलमध्ये ५२० ला पडली. पांढरी, पारदर्शक बसणारी ट्रान्सलुसंट मुद्दामच घेतली नाही. गव्हाळ रंगावर ती नीट बसली नाही की राख फासल्यासारखी दिसते. ही पिवळसर, बनाना शेडची. सिलिका जास्त असलेल्या पावडरी फ्लॅशच्या फोटोत पांढऱ्याफटक उमटतात. हिच्यातही सिलिका आहे, पण चुलत बहिणीच्या लग्नातल्या रात्रीच्या फोटोंत माझं तोंड आणि मान एकाच बाईची दिसतायत, म्हणजे पास.

सुरुवातीला मात्र मी हिला दोन स्टार दिले होते. लिक्विड फाउंडेशनवर लावली की नाकाच्या कडेला आणि हनुवटीवर चट्टे. ते रेटिंग आता बदलतेय, कारण खरा गुन्हेगार डबीतला फुकटचा पफ. पातळ, गुळगुळीत, घेतलेली सगळी पावडर पहिल्याच जागी ओतून मोकळा होणारा. दादर स्टेशनबाहेरून साठ रुपयांचा मखमली तिकोनी पफ आणला आणि तीच पावडर शहाण्यासारखी वागायला लागली.

आता असं करते. फाउंडेशन लावून झालं की जेवणाचा डबा भरून घेते, तेवढ्यात ते जरा सुकतं. मग टिश्यूचा एकच पदर चेहऱ्यावर हलका दाबते. ओल्या फाउंडेशनवर पावडर पडली की जिथल्या तिथे चिकटते, नंतर कितीही पसरवा, हलत नाही. पफवर चिमूटभर पावडर घ्यायची, पफ दुमडून आपल्याआपणच चोळायचा, म्हणजे ती लवेत मुरते. मग दाबायचं आणि किंचित गोल फिरवत उचलायचं. ओढायचं अजिबात नाही, खालचं फाउंडेशन सरकतं. आधी नाक, कपाळ, हनुवटी. पफवर उरेल ती डोळ्यांखाली. गालांना मी लावतच नाही. आणि खाली सनस्क्रीन न मुरताच फाउंडेशन थापलंत तर मळासारख्या वळ्या निघतील, त्याचं खापर पावडरवर फोडू नका.

एवढं केलं की सकाळी नऊला लावलेली दुपारी तीनपर्यंत टिकते. ऑक्टोबर हीटमध्ये नाक आधीच चमकतं, पण घामापुढे कुठल्याच पावडरचं काही चालत नाही. तेव्हा आधी टिश्यूने तेल टिपा, मगच टचअप. नाहीतर थरावर थर.

आता डबीच्या तोंडावरच्या, जिच्यातून पावडर बाहेर येते त्या जाळीकडे येते. भोकं मोठी आणि ती बंद करायला काहीच सोय नाही! इतर डबींना फिरवून बंद होणारी जाळी असते, इथे तेवढीही अक्कल खर्च केलेली नाही. झाकण उघडलं की निम्मी पावडर झाकणात, फुंकर लागली की उरलेली नाकात. २० ग्रॅमचे पैसे मोजून चेहऱ्याला पंधरा तरी लागतील का, शंकाच आहे. कस्टमर केअरला फोन केला. आधी म्हणे अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा. इतके महिने वापरल्यावर! मग म्हणे, "मॅडम, डबी उभी ठेवत जा." अहो, लोकलमध्ये मला स्वतःला उभं राहायला जागा मिळाली तरी नशीब.

भोकांवर सेलोटेप लावून पाहिली, दोन दिवसांत पावडरने तिचा चिकटपणा गेला. शेवटी एक जुनी, फिरत्या जाळीची रिकामी डबी होती, ती धुऊन कडकडीत वाळवली आणि चमच्याने सगळी पावडर तिच्यात भरली. तेव्हापासून बॅग स्वच्छ.

पावडरला चार स्टार, पफला शून्य. जाळीला उणे द्यायची सोय नाही म्हणून एकूण तीन. संपली की पुन्हा हीच घेईन, पण सेलमध्येच. ६९९ ला ही डबी मी घेणार नाही.