वॉटरप्रूफ पॅनिअर बॅगा, पाच महिने वापरून: मोरीत कळलेली गोष्ट
सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंना अडकवायच्या ह्या बॅगा जूनच्या सुरुवातीला घेतल्या, आता नोव्हेंबर लागला, म्हणजे मुंबईचा अख्खा पावसाळा खाल्लाय ह्या जोडीने. 20-20 लिटरच्या दोन, पीव्हीसी कोटिंगचं जाड कापड, शिवण नाही, सगळे जोड वेल्डिंगचे, आणि वरचं तोंड गुंडाळून बकल लावायचं. रोज लालबाग ते बीकेसी ऑफिस आणि सप्टेंबरच्या शेवटी नाशिक ते रत्नागिरी टूर. ब्रँडचं नाव घेत नाही, कारण जे झालं त्यात निम्मी चूक माझीच.

ऑफिसला एक नंबर. लॅपटॉप, डबा, सुके कपडे, कधीच काही भिजलं नाही. फक्त आयपी64 लिहिलंय म्हणजे चारी बाजूंनी उडणारं पाणी चालेल, बुडवलेली चालणार नाही, त्यामुळे हिंदमाताला पाणी तुंबलं की मी सरळ उतरते, बॅगा काढून खांद्यावर घेते आणि सायकल ढकलते. लोक बघतात, बघू देत.

खरी परीक्षा टूरमध्ये झाली. मी आणि मावसभाऊ, इगतपुरीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी कसारा घाट धो धो पावसात उतरलो, लालबागला पोचेपर्यंत अंधार. पुढच्या दिवशी ऑरेंज अलर्ट, म्हणून म्हटलं रेस्ट डे घेऊ. टूरमधला रेस्ट डे स्वतःच्याच घरी घेऊ नका. आई म्हणाली, "बसलीच आहेस तर नारळ खवून दे."

नारळ झाल्यावर उजवी बॅग उघडली आणि आतून डबक्यासारखा वास. स्लीपिंग बॅग पिळण्याइतकी ओली आणि तळाशी वाटीभर पाणी. तेव्हा कळलं, वॉटरप्रूफ बॅगेत पाणी एकदा शिरलं की ते पण तिथेच मुक्काम करतं, साध्या कापडी बॅगेतून निदान गळून तरी जातं. माझी चूक अशी की नाशिकहून दोन किलो चिवडा कोंबला होता, त्यामुळे तोंड जेमतेम दोन वेढे गुंडाळलं गेलं, तीन-चार तरी पाहिजेत. पण वाटीभर पाणी तेवढ्याने येईल असं वाटेना.

मग भावाने डोकं चालवलं. बॅग रिकामी करून मोरीत नळाखाली पाण्याने भरली, खुंटीला टांगली आणि आम्ही दोघं पाटावर बसून बघत राहिलो. पाचेक मिनिटं काही नाही. मग मागच्या बाजूला, कॅरिअरला अडकवायचे हुक ज्या स्क्रूने बसवलेत त्यातल्या दुसऱ्या स्क्रूखालून एक थेंब फुगला, पडला, लगेच दुसरा. स्क्रू काढला तर आत वायसरच नाही! बाकी तिन्हींना होता. कंपनीला फोटो पाठवले, उत्तर काय तर बॅग नीट गुंडाळत जा. आईने हत्यारांच्या डब्यातून नळाचा रबरी वायसर दिला, कडा कात्रीने कापून बसवला, परत पाणी भरलं, थेंब बंद.

बाकी दिवस गॅलरीतली दोरी, फुल स्पीडला पंखा, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे. चेन रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने साफ केली, पुसून नीट सुकवली आणि मग वेट ल्यूब, म्हणजे पावसात टिकणारं चेनचं तेल, कारण घाटात आधीचं ड्राय ल्यूब पार धुऊन गेलं होतं आणि चेन उंदरासारखी चूं चूं करत होती. ब्रेक पॅडमध्ये रुतलेली खडी टाचणीने काढली.

दुसऱ्या दिवशी पाऊस ओसरल्यावर भाऊच्या धक्क्यावरून रोरो बोटीने मांडवा आणि पुढे मुरुड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर करत रत्नागिरी. आगरदांडा, बागमांडला, दाभोळ, तवसाळ, प्रत्येक जेट्टीवर बॅगा काढ-घाल झाली, हुक एका हाताने सुटतात हे तेव्हा फार कामाला आलं. पाऊस दोनदा लागला, आत टिपूस नाही.

बारीकसारीक कुरकुर: कॅरिअरची नळी बारीक असेल तर सोबतचे प्लास्टिकचे तुकडे हुकात घालाच, नाहीतर खड्ड्यात खडखड वाजतं. सुरुवातीला पेडल मारताना टाच बॅगेला लागत होती, हुक सरकवून बॅग मागे घेतली. आणि आत एकही कप्पा नाही, चावी शोधायला सगळं उपसावं लागतं.

घेणार असाल तर परत करायची मुदत आहे तोवर एकदा पाणी भरून टांगून बघाच. चिवडा सादळला होता, आईने कढईत परतून घेतला, गुहागरपर्यंत पुरला.