एल्गारचा चेलो कॉन्चर्टो, डु प्रे आणि बार्बिरोलीची जुनी एलपी: घ्यावी का?

घ्यावी. आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहायलो, कारण या एका रेकॉर्डवरून आमच्या अंबाजोगाईच्या रविवारच्या बैठकीत तीन आठवडे वाद चालू आहे आणि अजून मिटला नाही.

वस्तू अशी. एचएमव्हीची एलपी, रेकॉर्डिंग ऑगस्ट 1965, लंडनचा किंग्जवे हॉल, चेलोवर (व्हायोलिनच्याच घराण्यातलं, पण मोठं, बसून पायांत धरून वाजवायचं वाद्य) जॅकलिन डु प्रे, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा, कंडक्टर सर जॉन बार्बिरोली. एका बाजूला एल्गार या इंग्रज संगीतकाराचा ई मायनरमधला चेलो कॉन्चर्टो, म्हणजे एकटा चेलो पुढं आणि सोबत ऑर्केस्ट्रा अशी रचना, दुसऱ्या बाजूला जॅनेट बेकर यांनी गायलेली त्याचीच 'सी पिक्चर्स' ही गाणी. मी ऑनलाइन सेकंडहँड घेतली, कुरिअर धरून 2800 रुपये पडले. विकणाऱ्यानं लिहिलं होतं 'जवळपास नव्यासारखी', आली तेव्हा कॉन्चर्टोच्या बाजूला कडेला चांगलाच ओरखडा, पहिली दोन मिनिटं टकटक टकटक. फोटो मागितला असता तर कळलं असतं, तुम्ही नक्की मागा, उजेडात तिरकी धरून काढलेला मागा. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापडानं दोनदा पुसल्यावर खरखर कमी झाली पण ओरखडा तो ओरखडाच.

आता वाजवल्यावर काय होतं ते सांगतो. सुरुवातीलाच चेलो एकटा येतो, दोन-तीन तारा एकदम ओढून जड सूर लावतो, प्रस्तावना नाही काही नाही, थेट. मग थोड्या वेळानं व्हायोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं वाद्य) मुख्य धून घेऊन येतात, खाली कुणाची साथ नाही, नुसती एक रेघ चाललीय शेतातल्या पायवाटेसारखी. तीन-तीनचे तीन गट, मोजलं तर नऊ मात्रा येतात पण मांडीवर ताल धरावा असं वाटतच नाही, कारण ती धून कुठं समेवर येऊन बसायला तयारच नाही. नंतर तीच धून डु प्रेच्या हातात जाते आणि शेवटी सगळा ऑर्केस्ट्रा ती उचलतो. तेव्हा मला तर बसल्या जागी घसा दाटून आला.

घशावरून आठवलं. डॉक्टरसाहेब, ज्यांच्या वाड्यावर आम्ही जमतो, ते कान-नाक-घशाचेच, आणि त्यांना या कॉन्चर्टोची सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे ही धून एल्गारला टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर सुचली. 1918 चा मार्च, वय 60, त्या काळात त्या वयाला ते ऑपरेशन म्हणजे साधी गोष्ट नव्हती. घरी आल्यावर कागद-पेन्सिल मागितली आणि नऊ मात्रांची ही ओळ लिहून काढली. पुढचं बरंचसं काम 1919 च्या उन्हाळ्यात इंग्लंडातल्या ससेक्समधल्या ब्रिंकवेल्स नावाच्या एका झोपडीवजा घरात झालं, त्याआधी पहिलं महायुद्ध चालू असताना खाडीपलीकडं फ्रान्समधल्या तोफांचा आवाज तिथपर्यंत यायचा.

वाद सुरू केला इतिहासाच्या सरांनी. म्हणले, 'स्वामी रामानंद तीर्थांच्या गावात बसून तुम्ही राजाच्या बँडवाल्याचं कौतुक करायले?' त्यांचे आजोबा हैदराबाद मुक्तिसंग्रामात होते, त्यांना हे विचारायचा हक्कच आहे. आणि सरांचं म्हणणं हवेतलं नाही. 'पॉम्प अँड सर्कमस्टन्स' या मालिकेतली 1901 ची पहिली मिरवणुकीची धून एल्गारचीच, तिच्यावरच पुढं 'लँड ऑफ होप अँड ग्लोरी' हे ब्रिटिश साम्राज्याचं गौरवगीत झालं. 1911 च्या दिल्ली दरबारानंतर 1912 मध्ये लंडनच्या कोलिझियम थिएटरात 'द क्राउन ऑफ इंडिया' नावाचा तमाशेवजा सोहळा झाला, त्यात आपल्याकडची शहरं बायकांच्या रूपात येऊन बादशहापुढं उभी राहतात. त्याचंही संगीत एल्गारचं. हे लपवून काही उपयोग नाही, आणि ते ऐकून मला त्रासच होतो.

पण मी सरांना म्हणलं, हा माणूस काही सरदारघराण्यातला नव्हता हो. 1857 चा जन्म, वूस्टरजवळचं खेडं, बाप पियानो ट्यून करायचा आणि वाद्यांचं दुकान चालवायचा. पोरगं बहुतेक सगळं स्वतःच शिकलं, दुकानातल्या नोटेशनच्या वह्या चाळून, आणि घर कॅथलिक, म्हणजे तिथल्या बड्या लोकांत जरा बाहेरचंच. 'एनिग्मा व्हेरिएशन्स' या ऑर्केस्ट्राच्या रचनेनं नाव झालं तेव्हा चाळिशी ओलांडलेली. ज्यानं 1901 ला ती दणदणीत मिरवणूक लिहिली त्यानंच 1919 ला हा कॉन्चर्टो लिहिला, आणि यात मिरवणूक कुठंच नाही. सर म्हणले, 'मग मिरवणुकीचं माफ?' मी म्हणलं माफ नाही, पण ही रेकॉर्ड त्या मिरवणुकीची नाही. तिथंच अडलंय आमचं.

ताईंचा आक्षेप वेगळा, आणि तो मला जास्त टोचला. ताई गाणं शिकवतात, चाळीस वर्षं झाली. त्यांना एल्गार पटतो, डु प्रे पटत नाही. म्हणल्या, 'पोरगी प्रत्येक सुरावर जीव टाकायली, एखाद्या सुराला नुसतं असू द्यावं की.' डॉक्टरसाहेबांनी मग 1928 चं रेकॉर्डिंग लावलं, बिएट्रिस हॅरिसन चेलोवर आणि कंडक्टर स्वतः एल्गार. बापरे, केवढा फरक! एल्गार बऱ्यापैकी वेगात नेतो, रडायला वेळच देत नाही, ताठ मानेनं दुःख सांगणाऱ्या म्हाताऱ्यासारखं. ताई म्हणल्या हेच खरं. आणि लिहिणाऱ्यानंच असं वाजवून घेतलंय म्हणल्यावर मी काय बोलणार.

तरी मी डु प्रेच्याच बाजूनं. वीस वर्षांची होती ती तेव्हा, आणि तिसरा भाग, अडाजिओ म्हणजे संथ लयीतला, तो ऐका, जेमतेम पाच मिनिटांचा. एकच लांब वाक्य आहे ते, श्वास कुठं घेतला कळत नाही. आणि शेवटच्या भागात सगळं धावत असताना तेच अडाजिओ अचानक परत येतं, मग सुरुवातीचे जड सूर परत येतात, आणि झटक्यात संपतं. तिथं डु प्रे जेवढं थांबते तेवढं थांबायलाच हवं असं मला वाटतं. बार्बिरोली तिला थांबू देतात. ते स्वतः चेलोवादक, 27 ऑक्टोबर 1919 ला हा कॉन्चर्टो पहिल्यांदा झाला तेव्हा तरुणपणी ते त्याच ऑर्केस्ट्रात वाजवत बसले होते. त्या दिवशी तालमीला वेळच मिळाला नव्हता, बाकीचा कार्यक्रम करणाऱ्या कंडक्टरनं तो खाऊन टाकला, आणि प्रयोग पडला. पुढच्या एप्रिलमध्ये एल्गारची बायको ॲलिस गेली, त्यानंतर एवढं मोठं काही त्याच्या हातून पूर्ण झालंच नाही.

दुसऱ्या बाजूबद्दल थोडक्यात. 'सी पिक्चर्स'मध्ये पाच गाणी, त्यातल्या दुसऱ्याचे शब्द ॲलिसचेच. जॅनेट बेकर यांचा आवाज मधल्या सप्तकात एवढा भरलेला आहे की सरसुद्धा गप बसून ऐकत होते. चौथं, 'व्हेअर कोरल्स लाय', आधी लावा.

साउंडबद्दल: चेलो बराच पुढं ठेवलाय, तारेवर धनुष्य घासल्याचा आवाजसुद्धा येतो, मला ते आवडलं. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकू नका, खालचे सूर सगळे गायब होतात. एलपी मिळाली नाही तर सीडी किंवा स्ट्रीमिंगवर हेच रेकॉर्डिंग सहज सापडतं, फक्त 1965 आणि बार्बिरोली हे दोन्ही बघून घ्या, कारण डु प्रेची याच कॉन्चर्टोची दुसरी रेकॉर्डिंगंही आहेत. येत्या रविवारी ताईंनी 1928 वालं पहिल्यापासून शेवटपर्यंत लावायला सांगितलंय, मध्ये कुणी बोलायचं नाही म्हणून.