गोकाक की खानापूर? नदीकाठचा एक दिवस

श्रावणात बेळगावहून निघायचं तर गोकाकच. घटप्रभा इथे ५२ मीटर खाली कोसळते. पण वर हिडकल धरण आहे. ते भरून पाणी सुटलं की धबधब्याला अंग येतं. बेळगावात धो-धो पडतोय एवढ्यावर गेलात तर उघडा खडक बघून याल. धबधबा गावापासून सहा किलोमीटरवर आहे. आधी तो बघा, करदंट (तिथली मिठाई) शेवटी गावात घ्या. ते गूळ-डिंकाचं, दमट हवेत चिकट होतं. झाकणाचा डबा न्या. झुलता पूल बंद असेल तर हुज्जत घालू नका. बोलायला कानडी लागेल.

खानापूर जवळ, २६ किलोमीटर, आणि मराठी सगळीकडे चालते. असोग्याला मलप्रभेच्या काठी रामलिंग मंदिर, शांत. लहान मुलं, म्हातारी माणसं असतील तर हेच बरं, मात्र दिवाळीनंतर. पावसाळ्यात पाण्यात पाय नको: वर उगमाशी, कणकुंबीकडे पाऊस झाला की इथे ऊन असतानाही पाणी चढतं.

बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही, पण ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता हवा. कोल्हापूरच्या वन्संना पैसे पडणारच.