एसीच्या आउटडोअरची फॅन मोटर घरीच बदलली: सोलापूरचा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

मार्चमध्ये बसवलेली मोटर ऑक्टोबर संपत आला तरी बिनतक्रार फिरतेय, म्हणून आता लिहायला हरकत नाही. बसवल्या बसवल्या केलेल्या कौतुकाला आपल्या सोलापुरात अर्थ नाही. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर टिकली तर खरी.

एसी दीड टनाचा, साधा, इन्व्हर्टर नसलेला (म्हणजे कंप्रेसर एकाच वेगाने चालणारा). बाहेरचं युनिट, म्हणजे आउटडोअर, गच्चीवर. चालू केला की थोडा वेळ गार हवा, मग नुसताच वारा, काही वेळाने परत गार. बोलावलेल्या मेकॅनिकने गच्चीवर न जाताच "गॅस गेलाय साहेब, भरावा लागेल" असं सांगून टाकलं. वर जाऊन बघतो तर कंप्रेसर घुमतोय आणि पंखा ढिम्म. पंखा थांबला की कंडेन्सरमधली (आउटडोअरमधल्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीतली) उष्णता बाहेर पडत नाही, गॅसचं प्रेशर चढतं, कंप्रेसर जादा करंट ओढतो आणि तापून ओएलपीवर (त्याला जळण्यापासून वाचवणाऱ्या स्विचवर) बंद पडतो. निवला की पुन्हा सुरू. गॅस कमी झाल्यावर पंखा कशाला थांबेल?

पण पंखा थांबला म्हणून लगेच मोटर आणायला धावू नका. आधी कपॅसिटर (मोटरला फिरवायला मदत करणारा, वीज साठवणारा छोटा डबा) बघा, तो मोटरच्या मानाने फुटकळ किमतीत मिळतो. एमसीबी पाडून, प्लग काढून, कपॅसिटरच्या दोन टोकांना होल्डरमध्ये बसवलेल्या जुन्या बल्बची वायर लावली आणि तो डिस्चार्ज केला (साठलेली वीज काढून टाकली). अंगावर अडीच एमएफडी (मायक्रोफॅरड) लिहिलेलं, मीटरवर 2.4 आलं, म्हणजे ठीक. मग पातं हाताने फिरवलं. धडधाकट मोटर बोटाच्या धक्क्यावर दोन-चार फेऱ्या सहज घेते, ही अर्ध्या फेरीतच अडकत होती. वायंडिंगला (आतल्या तारेच्या गुंडाळीला) मीटर लावलं तर एक टोक ओपन, म्हणजे तार तुटलेली. मोटर गेली होती, शंकाच नको.

का गेली तेही समोरच होतं. आमच्या घरापासून यंत्रमाग लांब नाहीत, चादरी-टॉवेलच्या सुताची धूळ बारा महिने उडते. कंडेन्सरच्या मागच्या बाजूला फिन्सवर (पातळ पत्र्याच्या पट्ट्यांवर) गोधडीसारखा थर बसला होता. शाफ्टभोवती (मोटरच्या दांड्याभोवती) सुताचे धागे गुंडाळून, तेलात भिजून, काळे कडक होऊन थेट बुशपर्यंत (शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या कड्यापर्यंत) गेले होते. आत तेल सुकलेलं, वरून पत्र्याला हात लावू देत नाही असलं ऊन. बुशवाली मोटर त्यात किती तग धरणार?

नवी पेठेतल्या दुकानदाराला फोनवर मॉडेल नंबर सांगितला तर म्हणाला, "जुनी मोटरच घेऊन या की, नंबरावर काय कळत नाही." बरोबर होतं त्याचं. वॅट, आरपीएम, शाफ्टची जाडी आणि लांबी, बोल्टच्या भोकांमधलं अंतर, सगळं जुळावं लागतं. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे फिरायची दिशा. शाफ्टच्या बाजूने बघून ती जुन्या मोटरशी ताडून घ्या. उलट्या दिशेची मोटर बसवली तरी पंखा छान फिरताना दिसतो, पण समोरून बाहेर पडायचं वारं आत ओढलं जातं, तेही कमी, आणि कंप्रेसर पुन्हा ट्रिप. कंपनीची मोटर जवळपास दुप्पट किमतीला होती आणि मागवावी लागणार होती. मी कॉपर वायंडिंगची, बॉल बेअरिंगवाली लोकल घेतली.

काढताना एकच जागा अवघड, पात्याचा नट. बऱ्याच मॉडेलमध्ये तो उलट्या आट्याचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. काही पात्यांवर बाण कोरलेला असतो, तो बघून घ्यावा. नट निघाला तरी पातं गंजाने शाफ्टला धरून बसतं. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं आणि सकाळी दोन्ही हातांनी हलवत हलवत काढलं. हातोडी लावलीत तर प्लास्टिकचं पातं तडकलंच समजा. वायरींचा फोटो काढून ठेवा, पण नव्या मोटरचे रंग तेच असतील असं धरू नका, जोडणी तिच्यावरच्या आकृतीप्रमाणेच करायची. वायरला खाली झोळ द्या म्हणजे पावसाचं पाणी मोटरमध्ये उतरत नाही. गॅसच्या पाइपला या कामात हात लावायची गरजच नाही.

आता वापराबद्दल. मे महिन्यात पारा 42-43 वर असताना भर दुपारी एसी चालवला, कंप्रेसर एकदाही ट्रिप झाला नाही. बिलात फरक पडला असं मी म्हणणार नाही. मोटर 40-50 वॅटची, आणि फिन्स त्याच वेळी धुतल्या होत्या, त्यामुळे जे काही वाचलं त्याचं श्रेय कुणाला द्यायचं? आवाज जुन्यापेक्षा किंचित जास्त आहे, रात्री गच्चीवर झोपणाऱ्याला कळेल इतपत. बोल्टखाली रबरी वॉशर टाकल्यावर घरघर गेली, वाऱ्याचा आवाज राहिला. तेवढा चालतो.

महिन्यातून एकदा ब्रशने सूत झाडतो आणि नळाला पाणी येतं त्या दिवशी फिन्स धुतो. बोअरचं पाणी मारत नाही, क्षार बसून पांढरा थर धरतो.

जुळे सोलापूरहून मेहुण्याचा फोन आला, "भावजी, माझ्या एसीचीपण बदलून द्या की." त्याला मात्र नाही म्हटलं. त्याचा एसी इन्व्हर्टरवाला. त्यात डीसी मोटर असते, ती सर्किट बोर्डावरून तीनशे व्होल्टच्या आसपास चालते आणि प्लग काढल्यावरही बोर्डावरचे मोठे कपॅसिटर बराच वेळ भरलेले राहतात. वीज चालू असताना त्या मोटरचा बोर्डावरचा प्लग काढला-घातला तर मोटर नाहीतर बोर्ड उडतो, आणि बोर्डाची किंमत ऐकली की मेकॅनिकची मजुरी स्वस्त वाटते.