पहिली कॉपी कोणाची करावी: मोतीवाली पोरगी की रेम्ब्रांटबुवा?

ऑइलमध्ये पोर्ट्रेट शिकायला कॉपी करायची म्हटलं की सगळे आधी व्हर्मीर या जुन्या डच चित्रकाराच्या मोतीवाल्या पोरीकडे ('गर्ल विथ अ पर्ल इअररिंग') वळतात, मीही वळलो. सोयीचं आहेच ते, मूळ चित्र ४४.५ बाय ३९ सेंमीचं, म्हणजे ए-टू कागदावर खऱ्या साइजची प्रिंट बसते. दुसरा उमेदवार त्याच काळातल्या डच रेम्ब्रांटचं १६५९ चं सेल्फ पोर्ट्रेट, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतलं. ते ८४.५ बाय ६६, म्हणून फक्त डोकं घ्यायचं. दोन्हींच्या मोठ्या फाइली म्युझियमच्या साइटवर फुकट आहेत.

पोरीच्या चेहऱ्यात रेषाच नाही बाप्पा. नाकाची कड शोधायला जा तर ती सरळ गालात विरघळलेली, म्हणजे तो अख्खा भाग मऊ ब्रशने गुळगुळीत ओढावा लागतो आणि इथेच माझं बिनसलं. आमच्याकडे दिवाळीनंतर भाव चढेल म्हणून कापूस घरातच रचलेला असतो, त्याचे तंतू उडत राहतात, ऑइल काही रात्रीतून वाळत नाही, सकाळी पाहावं तर पोरीच्या गालावर मिशा! चिमट्याने उपटा की ओरखडा, की पुन्हा अख्खा गाल ब्लेंड करा. कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवला, वरून चादर सोडली, थोडा फरक पडला, पण वैताग गेला नाही.

तेच तंतू रेम्ब्रांटच्या कपाळावर पडले तर कोणाला दिसतात? उजेडात रंग जाड थापलेला, सावलीत पातळ, सुरकुती इकडची तिकडे झाली तरी म्हातारा म्हाताराच राहतो. पोरीचा डोळा जरासा सरकला की ती दुसऱ्याच कोणाची पोरगी दिसते. १६५६ मध्ये रेम्ब्रांटचं दिवाळं निघालं होतं, त्यानंतरचा हा चेहरा, आणि असे चेहरे आपल्याकडे पाहायला लांब जावं लागत नाही. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अंबर (मातकट तपकिरी), काळा, पांढरा एवढ्यात बरंचसं भागतं, पुढे घरच्यांचे चेहरे करतानाही हेच रंग कामी येतात. (घाण्यावरचं जवसाचं तेल मात्र वापरू नका, पिवळं पडतं.)

पोरीकडून शिकण्यासारखं नाही असं नाही. मोत्याला हुकच नाही, पांढऱ्याचे दोन-चार फटकारे फक्त. मागचं काळंही मुळात हिरवा पडदा होता असं २०१८ मध्ये सुरू झालेल्या तपासणीत निघालं, तेव्हा काळं करायचं की हिरवं हे आधी ठरवा. बंद, स्वच्छ खोली असेल तर तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. नसेल तर पहिले रेम्ब्रांट करा, आणि पोरगी कापूस विकून झाल्यावर घ्या.