व्हर्टस जीटीला मोठे ब्रेक लावावेत का? ब्रेक ऑइलपासून बिग ब्रेक किटपर्यंतचा हिशेब

2022 साली आलेल्या फोक्सवॅगनच्या व्हर्टस जीटीत दीड लिटरचं टीएसआय इंजिन आहे, 150 पीएस ताकद आणि 250 एनएम टॉर्क आहे, आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पुढे ह्युंदाईच्या वर्ना टर्बोत चारही चाकांना डिस्क आल्या, पुढच्या कॅलिपरना (डिस्क पकडणाऱ्या चिमट्यांना) लाल रंगही मिळाला, आणि 'एवढ्या पळणाऱ्या गाडीला ड्रम कसले?' ही कुरकुर वाढली. लाल रंगानं गाडी एक फूटही आधी थांबत नाही, पण कुरकुर अगदीच निराधार नाही. म्हणून या गाडीसाठी जे जे सुटे भाग 'ब्रेक अपग्रेड' म्हणून विकले जातात, त्यातलं काय घेण्यासारखं आहे ते इथे बघू. स्लाविया 1.5 आणि टायगुन 1.5 वाल्यांनाही यातलं जवळजवळ सगळं लागू पडतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. शहर, एक्स्प्रेसवे आणि अधूनमधून घाट एवढाच वापर असेल तर कंपनीचे ब्रेक पुरतात, अट एकच की त्यातलं ऑइल ताजं हवं. गाडी रिमॅप केली असेल (म्हणजे सॉफ्टवेअर बदलून इंजिनाची ताकद वाढवली असेल) आणि घाटात दाबून चालवायची सवय असेल तर पॅड, म्हणजे कॅलिपरमधले डिस्कला घासणारे तुकडे, बदला. मोठ्या डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर, म्हणजेच बिग ब्रेक किट, फक्त रेसच्या ट्रॅकवर जाणाऱ्यांनी घ्यावेत.

कारण असं. शंभरच्या वेगात ब्रेक दाबून एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) थरथरायला लागलं, म्हणजे ब्रेकनं टायरला त्याच्या पकडीच्या टोकाला नेलं. त्यापुढे कितीही मोठा कॅलिपर लावा, थांबायचं अंतर टायर आणि रस्ता ठरवतात. पकडीचा गुणांक 0.9 धरला तर ताशी 100 किमीवरून थांबायला साधारण 44 मीटर लागतात, 0.8 असेल तर 49 मीटर, आणि ओल्या रस्त्यावर 0.6 वर आला तर 65 मीटर. 205/55 आर16 मापाचे झिजलेले टायर काढून चांगले टायर घालणं हाच या गाडीचा सगळ्यात मोठा ब्रेक अपग्रेड आहे. चार वर्षं जुने, कडक झालेले टायर ठेवून ब्रेकवर पन्नास हजार घालवणाऱ्याला काय म्हणावं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

मग चांगल्या ब्रेकचा उपयोग कुठे? दहाव्या, पंधराव्या वेळी दाबताना. ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारं यंत्र. माणसं आणि सामान धरून दीड टनाची गाडी शंभरवरून थांबवली की सुमारे 580 किलोज्यूल ऊर्जा डिस्क, पॅड आणि ड्रममध्ये उतरते. पुढची एक डिस्क साडेपाच किलोची धरली तर एका थांब्याला ती साधारण 80 अंशांनी तापते. आता पाचगणीहून वाईला पसरणीचा घाट उतरा. उंचीचा फरक सहाशे मीटरच्या जवळपास. न्यूट्रलमध्ये, सगळा भार ब्रेकवर टाकून उतरलात तर ती उष्णता शंभरवरून पंधरा वेळा थांबण्याइतकी होते, आणि वळणांमुळे वेग कमी असल्यानं डिस्कवर वाराही पुरेसा लागत नाही. रिमॅपचंही असंच. सरळ रस्त्याच्या शेवटी 120 ऐवजी 135 वर पोहोचलात तर वेग वाढला साडेबारा टक्के, पण ब्रेकवरचा बोजा सव्वीस टक्क्यांहून जास्त वाढला.

ब्रेक 'जातात' ते दोन तऱ्हांनी, आणि पायाला दोन्ही वेगळे कळतात. पेडल दगडासारखं कडक, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतो: पॅड त्याच्या तापमानाबाहेर गेला. पेडल मऊ पडतं, फरशीपर्यंत खाली जातं, दोन-तीनदा पंप केल्यावर थोडं वर येतं: ऑइल उकळून त्यात वाफ झाली. पहिल्यावर उपाय पॅडचा, दुसऱ्यावर ऑइलचा. बऱ्याच गॅरेजात दोन्हीवर एकच औषध दिलं जातं, ते म्हणजे डिस्क लेथवर घासून देणं. त्यानं डिस्क पातळ होते आणि पुढच्या वेळी आणखी लवकर तापते. डिस्कच्या कडेला 'मिन टीएच' म्हणून किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियर लावून ती मोजल्याशिवाय घासायला देऊ नका.

ब्रेक ऑइल. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित, म्हणून यावर जरा थांबू. डॉट 4 दर्जाच्या ऑइलचा उकळबिंदू कोरडं असताना किमान 230 अंश असावा लागतो. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. 3.7 टक्के पाणी शिरलं की तेच ऑइल 155 अंशांना उकळलं तरी ते डॉट 4 च्या नियमात बसतं. डॉट 5.1 चे आकडे 260 आणि 180. मोटुल आरबीएफ 600 सारखं रेसिंगचं ऑइल कोरडं असताना 312 अंशांपर्यंत टिकतं, पण तेही ओलावा पितं, त्यामुळे ट्रॅकवर जाणारे ते वर्षातून निदान एकदा बदलतात. रस्त्यावरच्या गाडीला चांगलं डॉट 4 दर दोन वर्षांनी बदललं तर पुरतं. कोकणात किंवा मुंबईत गाडी असेल आणि घाट नेहमीचा असेल तर ते दर पावसाळ्यानंतर बदललं तरी पैसे वाया जात नाहीत. सिलिकॉनचं डॉट 5 मात्र वेगळं प्रकरण आहे. 5.1 चा भाऊ समजून ते यात ओतू नका.

पूर्ण बदलायला सुमारे एक लिटर लागतं, दर चाकाला पाव लिटर. जुनं ऑइल कडक चहाच्या रंगाचं येतं, नव्या ऑइलचा मधासारखा रंग दिसेपर्यंत काढत राहायचं. हवा काढायचा क्रम गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे. 'लांबच्या चाकापासून सुरू करा' हा सरसकट नियम एबीएसच्या प्रत्येक गाडीला चालत नाही. टाकीतली पातळी मिनच्या खाली जाऊ दिली तर हवा एबीएसच्या युनिटात शिरते, आणि मग स्कॅनर लावून पंप फिरवल्याशिवाय ती निघत नाही. पेडल मारून हवा काढायची असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, नाहीतर मास्टर सिलिंडरचा (पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या सिलिंडरचा) रबर सील एरवी कधी न पोहोचलेल्या खरबरीत भागावर जाऊन फाटतो. मॅन्युअल गिअरच्या गाडीत क्लचही याच टाकीतून ऑइल घेतो, तेव्हा तोही ब्लीड करायला, म्हणजे त्यातलीही हवा काढायला सांगा, बहुतेकजण विसरतात. आणि गॅरेजच्या फळीवरची अर्धी वापरलेली बाटली नको, सील तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग खातं. मजुरी धरूनही हे काम दोन-अडीच हजारांत बसावं. पैशाच्या मानानं याच्याइतका फायदा देणारं या यादीत दुसरं काही नाही.

पॅड. पॅडच्या पाठीवर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, पहिलं थंड आणि दुसरं गरम असतानाच्या घर्षणाचं. ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. ईएफ किंवा एफई पॅडवरून एफएफ वर आलात तर फरक पायाला कळतो. जीजी ऐकायला भारी वाटतं, पण ती अक्षरं पॅड किती तापमानापर्यंत टिकेल किंवा किती लवकर झिजेल हे सांगत नाहीत, ते कंपनीच्या माहितीपत्रकात बघावं लागतं. ट्रॅकचे पॅड रस्त्यावर घालू नका. त्यातले बरेच सकाळी थंड असताना नीट पकडत नाहीत, किंचाळतात, डिस्क खातात आणि अलॉयवर काळी भुकटी उडवतात. सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडताना लागणारा ब्रेक थंडच असतो, हे लक्षात ठेवा. जोरात चालणाऱ्या रस्त्यावरच्या गाडीसाठी बनवलेले सेमी-मेटॅलिक किंवा सिरॅमिक पॅड, चांगल्या कंपनीचे आणि अधिकृत विक्रेत्याकडूनच, एवढं बास. नकली पॅडचा बाजार मोठा आहे. निम्म्या भावात 'ओरिजिनल' मिळालं तर ते का मिळालं याचा विचार करावा.

पॅड बसवणाऱ्याचा हात पॅडइतकाच महत्त्वाचा. कॅलिपरच्या स्लाइड पिना काढून पुसून त्यांना सिलिकॉन ग्रीस लावलं का, हे उभं राहून बघा. साधं ग्रीस लावलं की रबरी बूट फुगतो, पीन अडकते, आतला पॅड संपतो आणि बाहेरचा नव्यासारखा राहतो. समुद्राजवळच्या गाड्यांत हे हमखास दिसतं. पिस्टन मागे दाबताना टाकीतलं ऑइल वर चढतं, आधी थोडं काढून ठेवावं लागतं. डिस्क बदलत असाल तर हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं घासून काढला पाहिजे. तिथे राहिलेला गंजाचा एक पोपडा डिस्कला वेडीवाकडी फिरवतो आणि काही हजार किलोमीटरनंतर स्टिअरिंग थरथरायला लागतं.

नवे पॅड बसले की त्यांना 'बसवावं' लागतं. मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 वरून 10 पर्यंत, मध्यम दाबानं, आठ-दहा वेळा. पूर्ण थांबायचं नाही. मग दहा मिनिटं ब्रेक शक्य तितका न वापरता गाडी चालवून थंड करायची. यात पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढतो. हे न करता पहिल्याच दिवशी जोरात ब्रेक मारून सिग्नलला पाय दाबून उभे राहिलात, तर गरम पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उठतो. 'डिस्क वाकली' म्हणून ज्या तक्रारी येतात, त्यातल्या पुष्कळ डिस्क सरळच असतात, फक्त त्यांच्यावर असे ठसे असतात.

ब्रेक ऑइल नेणारे स्टीलच्या जाळीचे होज. पेडल थोडं कडक लागतं, अंतर कमी होत नाही. रबरी होज जुने झाले असतील, भेगा दिसत असतील तर बदलताना हे घ्या. नव्या गाडीवर उगाच नको.

छिद्रं पाडलेल्या डिस्क दिसायला छान. पण छिद्राभोवतीच तडे सुरू होतात, आणि छिद्रांमुळे डिस्कचं वजन, म्हणजे उष्णता साठवायची ताकद, उलट घटते. रस्त्यासाठी चांगल्या दर्जाची साधी व्हेंटिलेटेड डिस्क उजवी. चिकटवायचे लाल कॅलिपर-कव्हर तर विकत घेऊन लावलेलं पांघरूणच, उष्णता आत कोंडणारं.

मागच्या ड्रमचं काय? जोरात ब्रेक लागतो तेव्हा वजन पुढे झुकतं. 2,651 मिमी व्हीलबेसच्या या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या सेडानमध्ये त्या क्षणी पाचातला जवळपास चार भाग भार पुढच्या चाकांवर असतो. मागच्या ब्रेकनं जास्त काम केलं तर मागची चाकं आधी लॉक व्हायला लागतील आणि एबीएस त्यांना सोडून देईल. म्हणजे तिथे डिस्क लावून मिळवायचं ते थोडंच. आणि त्या थोड्यासाठी हब, कॅलिपर, हँडब्रेकच्या केबल बदलायच्या, पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल बिघडवायचा, आणि ड्रम धरून बेतलेल्या एबीएस-ईएससीला (ईएससी म्हणजे गाडी घसरू न देणारी यंत्रणा) अंधारात ठेवायचं. हे करू नका. मोटर वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम 52 आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर, दोघांनाही ते आवडणार नाही. ड्रमला हवी ती निगा: अधूनमधून उघडून भुकटी साफ करणं आणि शू (ड्रमला आतून घासणारे पट्टे) किती उरलेत ते बघणं. घाट उतरून ड्रम तापलेले असताना हँडब्रेक करकचून ओढू नका, गार होताना ड्रम आकसतो आणि शू जखडतात. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी ठेवायची असेल तर सपाट जागी चाकाला दगडाची उटी लावून हँडब्रेक सोडून ठेवा, नाहीतर गंजानं शू ड्रमला चिकटतात.

राहिला बिग ब्रेक किट. व्यास वाढला की तेवढ्याच दाबात जास्त जोर मिळतो. उदाहरणार्थ, 256 मिमीच्या जागी 288 मिमीची डिस्क म्हणजे साडेबारा टक्के मोठा व्यास, शिवाय उष्णता साठवायला जास्त लोखंड. बुद्ध सर्किट या रेस ट्रॅकच्या एक किलोमीटरहून लांब सरळ पट्ट्यानंतर दर फेरीला ब्रेक मारायचा असेल तर हे लागतंच. पण पिस्टनांचं एकूण क्षेत्रफळ मूळ कॅलिपरपेक्षा फार वाढलं तर पेडल लांब आणि मऊ होतं, कारण मास्टर सिलिंडर जुनाच राहतो. सोळा इंची अलॉयमध्ये कॅलिपर मावतो का, हे कागदी साचा कापून आधी तपासा. किटचे पॅड आणि रबर किट पाच वर्षांनी भारतात मिळतील का, हेही विचारा. भाव बघता ट्रॅकवर न जाणाऱ्याला हा सौदा तोट्याचा.

घाटाचं एक उरलंच. ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरायचं. डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर 'डी'वर विसंबू नका, स्टिअरिंगमागच्या पॅडलनं दुसरा गिअर धरा. ब्रेक घासत ठेवू नका, दाबा आणि सोडा. खाली पोहोचल्या पोहोचल्या भज्यांच्या टपरीवर गाडी बंद करू नका. वारा थांबला की डिस्कची उष्णता कॅलिपरमध्ये शिरते आणि जुनं ऑइल नेमकं तेव्हाच उकळतं, चहा पिऊन निघालात की पहिल्याच ब्रेकला पेडल खाली. सपाटीवर दोन-तीन किलोमीटर हळू चालवून मग थांबा, आणि टपरीवाल्या पोराला चाकांवर पाणी मारू देऊ नका.